पत्र्यापलीकडचं पाणी

बादली पाण्यावर पडली की होणारा आवाज वेगळा आणि चिखलात रुतली की होणारा वेगळा. नवयुग चाळीच्या विहिरीतून त्या सकाळी आला तो दुसरा. काठावर वाकलेल्या कुशाबांनी वर न बघताच लेकाला विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं, आबा."

"काय ऐकलंस?"

"गाळ लागला."

"गाळच. किती वरसं झाली, कुणी आत उतरलंय का? नुस्तं उपसत ऱ्हायचं. झरे बुजलं असतील समदे." कुशाबांनी दोर ओढून बादली वर घेतली. तळाशी वाटीभर गढूळ पाणी होतं. तेही त्यांनी फेकलं नाही, शेजारच्या पिंपात ओतलं. "ह्या ऐतवारी गाळ काढायचा. वीस मार्च तोंडावर आलाय. ओंजळ भरायपुरतं तरी पाणी पायजे का नको?"

धनेशने मान हलवली आणि हेल्मेट काखेत मारून तो कामाला निघाला. काम फार लांब नव्हतं. विहिरीमागे निळ्या पत्र्याचं कुंपण, कुंपणापलीकडे बंद गिरणीच्या जागेत खड्डा आणि खड्ड्यात एका टॉवरचा पाया. टॉवरवाल्यांच्या गाड्या ठेवायला जमिनीखाली तीन मजले लागतात, म्हणून खड्डा एवढा खोल की काठावरून खालच्या माणसांच्या नुसत्या पिवळ्या टोप्या दिसायच्या. त्यात चारी बाजूंनी पाणी झिरपायचं. ते पंपाने उपसायचं, गटारात सोडायचं आणि खड्डा कोरडा ठेवायचा, हे धनेशचं काम. दिवसपाळीचा पंप ऑपरेटर. विहिरीत गाळ किती आणि पाणी गेलं कुठे, हे त्याला बापापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पाणी पाठवणारा तोच होता.

हे काही त्याच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. विहिरीचं पाणी खाली जायला लागलं तेव्हा त्याने साइटच्या इंजिनिअर आकांक्षा मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं. मॅडम वयाने लहान, पण कुणी विचारलं तर नीट सांगायच्या. सळईच्या तुकड्याने त्यांनी मातीत आडवी रेघ ओढली. "ही जमिनीतल्या पाण्याची पातळी. पाऊस पडतो, थोडा वाहून जातो, थोडा मुरतो. मुरलेला असा हळूहळू समुद्राकडे सरकत असतो. विहीर म्हणजे काय, तर या रेघेच्या खालपर्यंत पोचलेलं भोक. आता आपण इथे पंप लावला." रेघेच्या मध्यावर त्यांनी खळगा केला आणि दोन्हीकडची रेघ त्या खळग्याकडे उतरती करून दाखवली. "आजूबाजूचं सगळं पाणी आपल्याकडे उताराला लागलं. पंप जितका जास्त चालेल तितका हा उतार लांबवर जातो. का हो, जवळपास विहीर आहे का कुठे?"

"नाही," धनेश म्हणाला. का म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. साइटचं काम अडेल, आपलं नाव पुढे येईल, असं काहीतरी झरकन मनात येऊन गेलं आणि तोंडातून 'नाही' निघालं.

तेव्हापासून त्याला चैन नव्हतं. जेवताना पाय हलायचा, झोपल्यावरही हलायचा. "पाय आवरा की, पलंग वाजतोय," अनुजा म्हणायची. बायकोला काय सांगणार? खोलीत आडवं पडलं तरी पत्र्यापलीकडची पंपाची घरघर कानात यायची. रात्रपाळीवाल्याने एखादा पंप बदलला आणि घरघर क्षणभर थांबली, तर चाळीत एकटा धनेश उठून बसायचा. बाकीचे घोरत असायचे.

विहीर नुसती विहीर असती तर एवढं वाटलं नसतं. कुशाबांचा आजा गिरणीत लागला तेव्हा चाळीच्या नळावर त्यांच्या लोकांनी भरायचं ते सगळ्यांचं भरून झाल्यावर, आणि तोवर नळ जायचा. महाडला चवदार तळ्यावर जाऊन आलेल्या त्या आज्याने आणि त्याच्या सोबत्यांनी पाळी सुटल्यावर रोज थोडं थोडं खणून ही विहीर काढली. पुढे सगळी चाळच तिच्यावर पाणी भरू लागली, कोकणातली मराठ्या-भंडाऱ्यांची घरंसुद्धा. कुणाला नाही म्हणायचं नाही, हा आज्याचा नियम होता. दर वीस मार्चला संध्याकाळी काठावर बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या लागायच्या, पंचशील व्हायचं आणि पहिल्या बादलीतलं ओंजळभर पाणी प्रत्येकाने प्यायचं. वर्षभर ते पाणी कपड्यांना, भांड्यांना, संडासाला. त्या एका दिवशी प्यायला. त्याने आजवर कुणाचं पोट बिघडलं हे कुशाबांना मान्य नाही, आणि ज्यांचं बिघडलं त्यांनीही ते कधी बोलून दाखवलेलं नाही. पहिली बादली ओढायचा मान कुशाबांचा. गिरणी गेली, धनेशची आई रमाबाई गेल्या, दम्याने छाती धरली, पण तो मान राहिला होता.

रविवारी साइट बंद. खाली पायाच्या सळ्या बांधून तयार होत्या. सोमवारी त्यावर काँक्रीट पडायचं होतं, पंप मात्र थांबवायचे नव्हते. रात्रपाळीवाला निघून गेला आणि धनेश पंपाच्या छपराखाली एकटाच उरला. पत्र्यापलीकडे चाळ जागी झाली होती. टोपल्या, घमेली, दोर, पोरांचा गलका. सगळ्यांच्या वर आबांचा आवाज, मध्येच खोकल्याने तुटणारा. जवान पोरं आत उतरली होती. त्यांत पुढे मयूर. तो एरवी मोटरसायकलवरून लोकांना जेवण पोचवायचा आणि रविवारी त्याचा धंदा जोरात, तरी त्याने सुट्टी घेतली होती.

धनेश उठला, बसला, पुन्हा उठला. पत्र्याला एक भोक होतं, त्याला डोळा लावला. आबा काठावर खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला रुमाल बांधलेला, समोर गाळाचा ढीग. इतके खूश ते किती वर्षांत दिसले नव्हते. हे सगळं करून संध्याकाळी विहीर कोरडीच राहणार, पोरं मान खाली घालून घरी जाणार आणि म्हातारा रात्रभर छताकडे बघत पडणार. धनेशला ते बघवेना. त्याने जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मग दुसऱ्या पंपाचंही दाबलं.

घरघर थांबली. पत्र्यापलीकडचा गलका एकदम जवळ आल्यासारखा वाटला. दुपारपर्यंतच बंद ठेवायचे, त्याने मनाशी ठरवलं. तेवढ्यात काही बिघडत नाही.

दुपारी खड्ड्याच्या कोपऱ्यातलं पाणी सळ्यांना लागलं. आता लावावेत, असं म्हणून तो उठला, तोच पलीकडून मयूर ओरडला, "आजोबा, पाय भिजले!"

"कुटं? कंच्या अंगाला?"

"गिरणीच्या अंगाला. कपारीतनं येतंय."

"मार पहार. आजून येक मार."

"बास आजोबा, येतंय की आपोआप."

"मार म्हंतो ना. झरा मोकळा व्हायाला पायजे."

पहारीचे दोन-तीन घाव वाजले आणि मग नुसता कल्ला. कुणीतरी ताशा आणला. चाळीचे सेक्रेटरी जगदीशभाऊ सावंत यांचा खर्जातला आवाज आला, "काकानू, कमाल केलास. वीस तारखेला तुमका शाल घालूक होयी." बायका हसत होत्या. आबा काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण पत्र्याच्या भोकातून दिसलं. त्यांनी रुमाल सोडून डोळ्यांना लावला होता. धनेशचा हात स्टार्टरपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. अजून थोडा वेळ, अजून थोडा वेळ, असं करत त्याने संध्याकाळ केली. रात्रपाळीवाला आला तेव्हा सगळ्या सळ्या पाण्याखाली गेल्या होत्या.

सोमवारी आकांक्षा मॅडम खड्ड्याच्या काठावर येऊन उभ्या राहिल्या. काँक्रीटच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. सळ्यांवर बसलेला चिखल आता पाण्याचा जोरदार फवारा मारून धुवायचा होता. काम सगळं शनिवारवर गेलं.

"फ्यूज उडाला होता, मॅडम," धनेश म्हणाला.

"दोन्ही पंपांचा?"

धनेशने हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला.

"फोन का नाही केलात?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मग निळ्या पत्र्याकडे. पलीकडे बायका धुणं आपटत होत्या, बादल्या वाजत होत्या. मॅडमना गणित सुटायला वेळ लागला नाही. "विहीर आहे ना तिथे?"

"आहे."

"तेव्हाच सांगायचं होतंत. कुंपणाच्या कडेला एक बोअर मारून उपशातलं थोडं पाणी परत जमिनीत सोडलं असतं आपण. करतात तसं. आता त्या कडेला सळ्या पडल्यात, मशीन आत येणार नाही." त्या चिडल्या नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागलं.

"पंप कायमचे बंद झाल्यावर येईल ना पाणी परत?"

"येईल. पण मध्ये आपली तळघराची भिंत उभी राहणार. त्या बाजूला कितपत येईल ते खात्रीने नाही सांगता येत. आणि हे बघा, वर मी फ्यूजच सांगितलंय. पुन्हा झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही."

त्याच दुपारी आणखी दोन पंप आले. चारही एकदम सुरू झाले तेव्हा धनेशच्या पायाखालची फळी थरथरायला लागली. विहिरीचं पाणी तीन दिवससुद्धा टिकलं नाही. बुधवारी बादली पुन्हा चिखलात रुतली. कुशाबा काठावर बसून राहिले. जेवायला उठले नाहीत. मग म्हणाले, अजून खाली जायला पाहिजे, पोरं कामावर गेलीत तर मीच उतरतो. अनुजाने हात धरून त्यांना घरात आणलं.

एरवी डबा घेऊन अनुजा यायची, गुरुवारी तिच्याऐवजी कुशाबाच आले. गेटवरच्या वॉचमनने नाव विचारलं तर म्हणाले, "मी हितलाच हाय." गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी या गेटात पाऊल टाकलं नव्हतं. खड्ड्याच्या काठाशी येऊन त्यांनी खाली डोकावलं.

"हितं गिरणीचा तलाव व्हता," ते म्हणाले. "इंजिनाची वाफ थंड कराया पानी त्यातलं घ्याचे, कढत झालेलं परत त्यातच सोडायचे. थंडीच्या दिसांत आमी काठाला हात शेकत बसायचो."

"बसा आबा, ऊन आहे."

कुशाबा बसले नाहीत. मांडीएवढ्या जाड पाइपातून पाणी धो धो गटारात पडत होतं, ते बघत राहिले. "ह्ये कुटं जातं?"

"गटारात. तिथनं समुद्रात."

"आन येतं कुटनं?"

धनेशने डब्याची कडी काढली, पुन्हा लावली.

"धन्या, येतं कुटनं?"

"आपल्याकडनं पण येतं."

"कवाधरनं?"

"दिवाळीपासून."

"तुला ठावं व्हतं."

"हो."

"मग त्या ऐतवारी?"

"मी पंप बंद ठेवले होते, आबा."

कुशाबांनी हे ऐकून घेतलं. पंपांच्या आवाजात त्यांचा दम लागल्याचा आवाज बुडून गेला होता, छाती तेवढी वरखाली होताना दिसत होती. "म्हंजी ती पोरं नाचली ती तुज्या बटनावर," शेवटी ते म्हणाले. "आन मीबी."

"तुम्ही खूश व्हाल म्हणून केलं."

"व्हतो रं खूश. त्येचंच वाईट वाटतं."

"उद्या सांगतो मी सगळ्यांना. चाळ येऊ दे इथे, काय करायचं ते करू दे. मी दुसरं काम बघीन."

कुशाबांनी गटाराकडची नजर काढली. डबा लेकाच्या हातात होता, त्याकडे बघितलं आणि भिंतीला धरत धरत ते गेटाकडे निघाले. धनेशला ते पाठमोरे दिसले आणि लहानपणाचे दिवस आठवले. गिरणीच्या संपानंतरचे. तेव्हा आबा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन घराबाहेर पडायचे आणि नरे पार्कात जाऊन बसायचे, चाळीला वाटावं की कुठेतरी लागलेत. आई भाजीची पाटी घेऊन फिरायची. एकदा शाळेतून परतताना धनेशने त्यांना बाकावर बघितलं होतं. डबा उघडून एकटेच जेवत होते. त्याने हाक मारली नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने मॅडमकडे तासाभराची सुट्टी मागितली. दुसऱ्या दिवशी पहाटे काँक्रीट पडायचं होतं, तेव्हा दोन्ही पाळ्यांना त्यानेच थांबायचं ठरलं होतं. विहिरीपाशी चाळ जमली होती. तसबिरीला हार, मेणबत्त्यांच्या रांगा, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका. जगदीशभाऊ शालीची पिशवी घेऊन पहिल्या ओळीत. पाणी खाली गेल्याची कुणकुण काहींना होती, पण रविवारचा झरा सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता. उगाच कुणी वाईट बोलत नव्हतं.

पंचशील झालं. कुशाबांनी दोर सोडला. तो सुटतच गेला, आणि मग खालून तो आवाज आला. त्यांनी बादली वर ओढली आणि सगळ्यांना दिसेल अशी काठावर ठेवली. काळा चिखल होता, त्यावर पाण्याचा थेंब नव्हता.

मागचे लोक पुढे सरकून बादलीत डोकावले. मग जगदीशभाऊ म्हणाले, "काकानू, ऐतवारी तर पाणी होता. गेला खंय?"

"आम्ही पार दगडापर्यंत साफ केली होती," मयूर म्हणाला. "एवढं चांगलं येत होतं."

मागून एक बाई म्हणाली, "बाजूला एवढं खणलंय, त्याचं तर नाय?" आणि सगळ्या माना आधी निळ्या पत्र्याकडे आणि तिथून धनेशकडे वळल्या. पलीकडे चारही पंप चालू होते. रोजचाच आवाज म्हणून कुणाच्या कानात शिरत नव्हता, तो आता शिरला.

"धनेश, तू थंयच आसस ना रे?" जगदीशभाऊंनी विचारलं. "काय ता सांग बघू."

धनेश पुढे झाला. काय बोलायचं ते त्याने दिवसभर घोकलं होतं. "ते असं आहे," त्याने सुरुवात केली.

"त्येला काय इचारता?" कुशाबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सभेतला होता. "त्यो तिथं बटन दाबतो, त्येला इहिरीतलं काय कळतंय. चूक माजी हाय. झरा आपसूक येत व्हता. ह्यो मयूर सांगत व्हता, आजोबा बास म्हून. म्या ऐकलं न्हाय. पहार मारा लावली. तळ फुटला, आन आलेलं पानी खाली उतरलं. म्हातारपनी हाव सुटली मला."

"आजोबा, पण तेवढ्याने काही," मयूर चाचरला.

"तू सांगितलं व्हतंस का न्हाय बास म्हून?"

"सांगितलं होतं."

"मग झालं."

लोक एकमेकांकडे बघू लागले. आज्याने खणली आणि नातवाने घालवली, असं कुणीतरी हळूच म्हणालं, पण विहिरीच्या काठावर ते सगळ्यांना ऐकू गेलं. कुशाबांनाही गेलं. ते बादलीच्या कडीला धरून ताठ उभे होते. जगदीशभाऊंनी शालीची पिशवी खांद्यावरून काखेत घेतली, मग पाठीमागे धरली. ती आता द्यायची की नाही हे त्यांना समजत नव्हतं, आणि कुशाबांनीच मान हलवून त्यांना मोकळं केलं.

धनेशला वाटलं, आता ओरडून सांगावं. बापाने आयुष्यभर सांभाळलेली एकुलती एक गोष्ट आपल्यासाठी सगळ्यांसमोर चिखलात टाकली, आणि आपण शर्टाची बटणं बघत उभे आहोत. त्याने पुन्हा तोंड उघडलं. कुशाबांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. गप ऱ्हा, एवढंच होतं. तो गप्प राहिला आणि याची लाज आपल्याला मरेपर्यंत पुरणार हे त्याला तेव्हाच कळलं.

"सूनबाई, घरातनं नळाचं पानी आन," कुशाबा म्हणाले. "पोरं खोळंबल्यात."

अनुजाने कळशी आणली. कुशाबांनी चिखलाची बादली बाजूला सारली आणि लहान पोरांपासून सुरुवात केली. एकेक ओंजळ पुढे येत होती, ते भरत होते. काही जण त्यांच्याकडे न बघताच पाणी घेऊन मागे सरले. कुणाला ते नाही म्हणाले नाहीत. सगळ्यात शेवटी धनेशने हात पुढे केले. कुशाबांनी कळशी कलती करून त्याची ओंजळ काठोकाठ भरली.

"जा आता कामावर," ते म्हणाले. "खड्ड्यात पानी भरंल."

धनेश ते पाणी प्यायला आणि हेल्मेट घेऊन पत्र्याच्या दिशेने चालू लागला.